दोन मांजरांची ओळख : आधी वास, मग नजर, शेवटी भेट

लोण्याच्या गोळ्यावरून भांडणारी दोन मांजरे आणि तराजू घेऊन त्यांचा न्याय करायला बसलेले माकड, ही गोष्ट बहुतेक मराठी मुलांनी लहानपणी ऐकलेली असते. त्या गोष्टीतील मांजरे निदान एकमेकांच्या ओळखीची होती. शहरातील सदनिकेत एकाच दिवशी आणलेल्या दोन अनोळखी मांजरांपुढे लोण्याचा गोळा नसतो. तरीही त्यांची पहिली भेट पुष्कळदा भांडणानेच सुरू होते आणि न्याय करण्याची पाळी घरातील माणसांवर येते.

साधारण चित्र असे असते. एकटे मांजर दिवसभर कंटाळेल, म्हणून दोन मांजरे दत्तक घेण्याचे ठरते. एक निवारा केंद्रातून येते, दुसरे ओळखीच्या कुणाच्या इमारतीखाली सापडलेले असते. रविवारी सकाळी दोन्ही टोपल्या दिवाणखान्यात शेजारी शेजारी उघडल्या जातात. मुले कौतुकाने भोवती बसतात. क्षणभर शांतता, मग फिस्कारणे आणि पुढच्याच मिनिटाला एक मांजर कपाटावर, तर दुसरे सोफ्याखाली. दोन दिवस कुणी धड जेवत नाही, तिसऱ्या रात्री मारामारी होते आणि आठवडा संपण्यापूर्वीच ‘यांचे जमत नाही, एकाला परत देऊ’ अशी भाषा सुरू होते. परत गेलेल्या मांजरावर ‘भांडखोर’ असा शिक्का बसतो आणि त्याला पुन्हा घर मिळणे अवघड होऊन बसते.

वास्तविक यात मांजरांचा दोष फारसा नसतो. त्यांच्या दृष्टीने समोरासमोरची भेट ही ओळखीची शेवटची पायरी असते आणि माणसे नेमकी तिथूनच सुरुवात करतात. आधीच्या पायऱ्या क्रमाने पार पाडल्या, तर अनेक मांजरे एका छताखाली सुखाने राहू शकतात. त्यासाठी लागतो तो वेळ. काही घरांत तो दोन-तीन आठवडे असतो, तर काही घरांत काही महिने.

एकट्या शिकाऱ्याचा वारसा

पाळीव मांजराचे मूळ आफ्रिका व पश्चिम आशियात आढळणाऱ्या ‘लिबिका’ या रानमांजरात आहे. २००७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने हे नाते स्पष्ट केले. हे रानमांजर एकट्याने शिकार करते. उंदीर, पाखरू, सरडा अशी त्याची शिकार लहान असते. ती वाटून खाण्यासारखी नसते आणि तिच्यासाठी साथीदाराचीही गरज भासत नाही. आपला प्रदेश राखणे आणि परक्याला दूर ठेवणे, यावरच त्याचे पोट अवलंबून असते.

माणसाच्या सहवासात आल्यावर मांजर थोडे बदलले. मासळी बाजार, बंदर किंवा वसाहतीतील कचराकुंडी अशा जिथे अन्न मुबलक असते, तिथे मांजरे गटाने राहताना दिसतात. पण या गटांचा गाभा आई, मुली, बहिणी अशा नात्यातील माद्यांचा असतो. त्या एकमेकींची पिलेही सांभाळतात. बाहेरून आलेल्या मांजराला मात्र तेथे सहजासहजी थारा मिळत नाही. त्याला स्वीकारले जाते ते हळूहळू, कडेकडेने वावरू देत.

मांजरांच्या स्वभावातील आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. भांडणानंतर समेट घडवून आणणारे संकेत त्यांच्यापाशी फारसे नाहीत. दोन कुत्री गुरगुरून, एकमेकांना जोखून पुन्हा खेळू लागतात. मांजरे मात्र एकमेकांना टाळतात आणि तो दुरावा दीर्घकाळ टिकू शकतो. ‘भांडू दे, आपोआप ठरेल कोण मोठे ते,’ हा सल्ला म्हणूनच मांजरांच्या बाबतीत घातक ठरतो.

दोन्ही मांजरे नवी असली म्हणजे घर कुणाच्याच मालकीचे नाही, तेव्हा प्रश्न सोपा, असाही एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. जुन्या मांजराची मक्तेदारी येथे नसते हे खरे. परंतु दोघांनाही माणसे, आवाज, फरशी, वास असे सारेच अनोळखी असते. आधीच बावरलेल्या जिवापुढे दुसरा अनोळखी जीव उभा केला, की भीतीत भरच पडते.

आधी डॉक्टर, मग ओळख

मांजरांना वेगळे ठेवण्याचे पहिले कारण आरोग्याचे आहे. पॅनल्युकोपेनिया हा पिलांना झपाट्याने ग्रासणारा, उलट्या-जुलाबांचा प्राणघातक रोग आहे. त्याचे विषाणू फरशी, भांडी, कपडे यांवर अनेक महिने तग धरू शकतात. सर्दी-शिंका व डोळ्यांतील पाणी या लक्षणांचे विषाणूजन्य आजार दत्तक पिलांत नेहमी आढळतात. रक्ताच्या कर्करोगाशी संबंधित ‘फेल्व’ हा विषाणू एकमेकांना चाटण्यातून व एकाच ताटलीत खाण्यातून पसरू शकतो. प्रतिकारशक्ती खालावणारा ‘एफआयव्ही’ मुख्यत्वे चाव्यातून पसरतो. म्हणून घरी आणण्यापूर्वी किंवा आणताच दोघांचीही पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी. रक्ततपासणी, जंतनाशक, पिसवांवरील औषध आणि लसीकरण यांचे वेळापत्रक त्यांच्याकडून ठरवून घ्यावे. पिलांना पहिली लस साधारण आठव्या आठवड्याच्या सुमारास, तर रेबीजची लस तीन महिन्यांच्या पुढे देतात. सुमारे दोन आठवडे वेगळे ठेवले, तर दडलेला आजार या काळात बाहेर पडतो आणि ओळखीच्या पूर्वतयारीलाही तेवढाच अवधी मिळतो.

दुसरा मुद्दा नसबंदीचा. मादी चार महिन्यांच्या वयातही गाभण राहू शकते आणि साधारण नऊ आठवड्यांत पिले होतात. बोका आणि मादी भावंडे असली तरी निसर्ग ते नाते पाहत नाही. शस्त्रक्रियेनंतरही बोक्याची प्रजननक्षमता काही आठवडे टिकू शकते, हे अनेकांना ठाऊक नसते. नसबंदीमुळे बोक्यांमधील मारामाऱ्या आणि भिंतींवर मूत्र शिंपडण्याची सवयही पुष्कळ कमी होते.

दोन खोल्या, दोन संसार

पहिल्या दिवसापासून दोघांना स्वतंत्र खोली द्यावी. तिच्यात वाळूचा ट्रे, त्यापासून दूर ठेवलेले पाणी व खाणे, लपायला एखादा पुठ्ठ्याचा खोका, नखे घासायला गोणपाट गुंडाळलेली फळी आणि चढून बसायला उंच जागा असावी. दार बंद राहील, असा सर्वांना सक्त नियम असावा. एका मांजरासोबत काही वेळ घालवल्यावर हात धुऊनच दुसऱ्याकडे जावे.

या काळात मांजर लपून बसले, तर त्याला ओढून बाहेर काढू नये. जवळच जमिनीवर शांत बसून राहणे अधिक उपयोगी. मात्र चोवीस तासांहून अधिक काळ मांजराने अन्नाला तोंड लावले नाही, तर पशुवैद्यकाला कळवावे. उपासमारीचा परिणाम मांजराच्या यकृतावर लवकर होतो, विशेषतः ते स्थूल असेल तर. बोका वारंवार ट्रेमध्ये बसत असेल आणि लघवी होत नसेल, तर मात्र एक तासही वाट पाहू नये. मूत्रमार्ग अडणे हा जिवावर बेतणारा प्रसंग असतो आणि ताणामुळे उद्भवणारा मूत्राशयाचा दाह हे त्याचे एक कारण ठरू शकते.

मांजर खोलीत मोकळेपणाने फिरू लागले, नियमित जेवू लागले, शेपटी उभी धरून माणसाजवळ येऊ लागले, म्हणजे पुढच्या पायरीची वेळ झाली असे समजावे. यास कुणाला तीन दिवस लागतात, कुणाला तीन आठवडे. दोघांपैकी जे अधिक भित्रे असेल, त्याच्या गतीने पुढे जावे.

गंधाची गाठभेट

माणूस चेहरा पाहून ओळखतो. मांजराची ओळख प्रामुख्याने वासावर चालते. त्याच्या गालांवर, हनुवटीवर, शेपटीच्या मुळाशी आणि पंजांच्या गाद्यांमध्ये गंधग्रंथी असतात. दाराच्या चौकटीला, खुर्चीच्या पायाला आणि माणसाच्या पोटरीला ते गाल घासते, तेव्हा ‘हे आपले’ अशी खूण उमटवत असते. टाळूजवळ त्याला गंध टिपणारे आणखी एक इंद्रियही असते. एखादा वास घेऊन मांजर तोंड अर्धवट उघडे ठेवून थबकते, ते यासाठीच. एकत्र राहणारी मांजरे परस्परांना अंग घासून सगळ्या गटाचा असा एक समान गंध तयार करतात. ज्याच्या अंगाला तो गंध आहे तो घरचा, बाकीचे परके.

याचा प्रत्यय अनेक घरांत येतो. वर्षानुवर्षे गुण्यागोविंदाने राहिलेल्या दोन मांजरांपैकी एक दवाखान्यातून परतते आणि दुसरे त्याच्यावर चक्क फिस्कारते. औषधांच्या वासाखाली घरचा गंध हरवलेला असतो.

म्हणून ओळखीची सुरुवात गंधाच्या देवाणघेवाणीने करावी. स्वच्छ सुती कापडाचा किंवा जुन्या साडीचा तुकडा एका मांजराच्या गालांवरून अलगद फिरवावा आणि दुसऱ्याच्या खोलीत नेऊन ठेवावा. तो त्याच्या नाकापुढे धरू नये; त्याने आपणहून हुंगावा. तुकड्याजवळ आवडता खाऊ ठेवला, तर त्या अनोळखी वासाशी चांगला अनुभव जोडला जातो. अंथरूण, पायपुसणे यांचीही अशीच अदलाबदल करावी. सुरुवातीला फिस्कारणे होईलच. काही दिवसांनी वास घेऊन मांजर निवांत पुढे गेले किंवा त्या कापडावरच जाऊन झोपले, तर काम साधले.

त्यापुढे खोल्यांचीच अदलाबदल करावी. दोघांची नजरानजर होऊ न देता एकाला दुसऱ्याच्या खोलीत तासभर सोडावे. तिथे त्याला दुसऱ्याचा माग काढता येतो, कोपरे हुंगता येतात आणि आपला गंधही मागे ठेवता येतो. यातून सारे घर हळूहळू दोघांच्याही गंधाचे होते.

दाराच्या दोन बाजूंना पंगत

गंध अंगवळणी पडला, की बंद दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी जेवण द्यावे. पहिल्या दिवशी ताटल्या दारापासून चांगल्या दूर ठेवाव्यात आणि दोघेही निश्चिंत जेवत असतील, तर रोज थोड्या थोड्या जवळ आणाव्यात. एखादे जेवण टाकून दाराकडे टक लावून पाहू लागले, तर ताटली पुन्हा मागे घ्यावी. यासाठी त्यांचे विशेष आवडते खाणे राखून ठेवावे. उकडलेले कोंबडीचे किंवा मासळीचे बिनकाट्याचे तुकडे चालतात. मीठ, मसाला, कांदा व लसूण वर्ज्य. दुधाचा मोहही आवरावा, कारण मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दूध पचत नाही.

जाळीआडून दर्शन

पहिली नजरानजर मधे अडसर ठेवून व्हावी. शहरातील अनेक घरांना डासांसाठी जाळीचे दार असते, ते या कामी उत्तम. मात्र जाळी धातूची असावी, कारण नायलॉनची जाळी नखांनी फाटते. जाळी नसेल, तर दारात लहान मुलांसाठी लावतात तसे फाटक बसवावे किंवा दार बोटभर उघडे राहील असे अडकवावे. सुरुवातीला जाळीवर चादर टांगून ती खालून थोडी थोडी वर घ्यावी.

ही भेट मिनिटा-दोन मिनिटांचीच असावी आणि त्या वेळी दोन्ही बाजूंना खाणे किंवा काठीला बांधलेल्या पिसाचा खेळ चालू असावा. बिघडण्यापूर्वीच, सारे ठीक असताना ती संपवावी. दिवसातून दोन-तीनदा अशा भेटी घडवून वेळ वाढवत न्यावा.

प्रत्यक्ष भेट

जाळीच्या दोन बाजूंना दोघे निवांत बसू लागले, की एका खोलीत भेट घडवता येते. घरात पाहुणे, पूजा, रंगकाम किंवा फटाक्यांचा हंगाम असताना हा प्रयोग करू नये. दिवाळीच्या आठवड्यात तर नवे मांजर घरी आणणेही टाळलेले बरे. दोघांची नखे आधी कापलेली असावीत, खेळून व थोडे खाऊन त्यांची ऊर्जा शमलेली असावी आणि खोलीतून बाहेर पडायला दोघांनाही वाट असावी. शक्यतो दोन माणसे असावीत, प्रत्येकाचे लक्ष एकेका मांजरावर. कुणालाही उचलून दुसऱ्यासमोर धरू नये. उचललेल्या मांजराला पळता येत नाही आणि ते घाबरून धरणाऱ्यालाच बोचकारते.

पहिल्या भेटीत त्यांनी एकमेकांकडे दुर्लक्ष केले, तर ते मोठे यश समजावे. गळाभेटीची अपेक्षा ठेवू नये. देखरेखीखालील भेटी दीर्घ आणि कंटाळवाण्या होऊ लागल्या, म्हणजेच त्यांना एकत्र सोडण्याची वेळ जवळ आली.

फिस्कारणे म्हणजे भांडण नव्हे

एखाद-दुसरे फिस्कारणे, हलका पंजा हा मांजरांचा ‘थोडे लांब राहा’ असा निरोप असतो. समोरच्याने तो मानून अंतर राखले, तर घाबरण्याचे कारण नाही. खेळ आणि भांडण यांतील फरकही ओळखता येतो. खेळ बहुधा आवाजाविना चालतो, पाठलाग करणारा आणि पळणारा यांची अदलाबदल होते, नखे आत असतात. भांडणात कान डोक्याला चिकटतात, अंगावरचे केस फुलतात, किंचाळणे ऐकू येते आणि एकच जण सतत पळत असतो.

खरी अडचण होते ती आवाज न करणाऱ्या तणावाची. अमेरिकेतील मांजरांच्या पशुवैद्यकांच्या संघटनेने २०२४ साली घरातील मांजरांमधील तणावावर मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. अशी सूक्ष्म लक्षणे मालकांच्या नजरेतून सुटतात, याकडे तिने लक्ष वेधले आहे. दुसऱ्याकडे रोखून पाहणे, दारात किंवा ट्रेच्या वाटेवर आडवे बसून रस्ता अडवणे, एक आले की दुसऱ्याने मुकाट्याने जागा सोडणे, एकाने दिवसभर कपाटावरच राहणे आणि ट्रेबाहेर घाण करणे ही ती लक्षणे होत. घरात आवाज नाही म्हणजे शांतता आहे, असे मानणारा मालक मांजरासारखेच डोळे मिटून दूध पीत असतो.

मारामारी झालीच तर

झुंजणाऱ्या मांजरांच्या मधे हात घालू नये. पुठ्ठा किंवा उशी मधे सरकवावी अथवा जाड चादर टाकावी आणि दोघांना वेगळ्या खोल्यांत न्यावे. रागावणे, मारणे यांचा उपयोग होत नाही. शिक्षेची भीती मांजर समोरच्या मांजराशी जोडते. एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती देऊन, जिथपर्यंत सारे सुरळीत होते त्या पायरीवर परत जावे. मांजराच्या चाव्याची जखम वरून लहान दिसते, पण आत पू साठतो. म्हणून अंग चाचपून पाहावे. माणसाला चावा किंवा ओरखडा बसल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. रेबीजचा धोका केवळ कुत्र्यांपुरता नाही.

लहान घरांचे काय?

दोन खोल्या वेगळ्या काढणे सर्वांनाच शक्य नसते. एक खोली आणि स्वयंपाकघर एवढ्याच जागेतही मार्ग निघतो. मोठा पिंजरा घेऊन त्यावर चादर टाकली, तर एका मांजराला काही तासांसाठी सुरक्षित कोपरा मिळतो. पाळी बदलून दुसऱ्याला मोकळे सोडता येते. कोरडे ठेवलेले न्हाणीघर रात्रीपुरते चालते. गॅलरी मात्र पूर्ण जाळी लावल्याखेरीज वापरू नये. घाबरलेले मांजर उंचीचा विचार करत नाही.

जमीन कमी असली, तरी भिंती असतात. वेगवेगळ्या उंचीवरील फळ्या, कपाटाच्या माथ्यावर अंथरलेली गोधडी, जाळी लावलेल्या खिडकीतील बैठक यांमुळे दोघांना एकमेकांपासून दूर बसता येते. ट्रेच्या बाबतीत मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त, असा दंडक आहे, दोघांसाठी तीन. तेवढी जागा नसेल, तर निदान दोन ट्रे दोन वेगळ्या कोपऱ्यांत हवेत. शेजारी शेजारी ठेवलेले दोन ट्रे मांजराच्या लेखी एकच असतात. ताटल्या, पाण्याची भांडी, झोपायच्या जागा यांनाही हेच लागू. गोष्टीतील लोण्याचा गोळा एकच होता, म्हणून भांडण झाले. घरात सारे काही दोन ठिकाणी असले, तर वाटणीचा प्रश्नच येत नाही.

कधी थांबावे?

भावंडे किंवा चार महिन्यांखालील पिले लवकर एकत्र येतात. दोन प्रौढ मांजरे, विशेषतः पिलूपणी इतर मांजरांचा सहवास न मिळालेली, वेळ घेतात. मांजरांचा समाजशील होण्याचा काळ साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचा असतो. त्या वयातील अनुभवाची उणीव नंतर भरून काढणे कठीण जाते. काही जोड्या एकमेकांना चाटत, एकाच अंथरुणावर झोपतात. बऱ्याच जोड्या मात्र शेजाऱ्यांसारख्या, अंतर राखून नांदतात. तेही पुरेसे आहे.

काही महिने नेटाने प्रयत्न करूनही रक्त निघेपर्यंत मारामाऱ्या होत असतील किंवा एक मांजर सतत दडून राहून खंगत असेल, तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने त्याच्यासाठी दुसरे घर शोधणे हा जबाबदारीचाच निर्णय ठरतो. ज्यांच्याकडून मांजर घेतले, त्यांना आधी कळवावे. परंतु इमारतीखाली किंवा बाजारात नेऊन सोडणे हा उपाय नव्हे. उपासमारीने वा तहानेने हाल होतील अशा परिस्थितीत प्राणी सोडून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० अन्वये गुन्हा आहे. घरातील ताटलीची सवय झालेल्या मांजराचे रस्त्यावर काय होते, हे सांगण्याची गरज नाही.

ती वेळ येऊ नये यासाठी करायचे ते पहिल्या दिवशीच करावे लागते. रविवारी सकाळी टोपल्या घरात येतील, तेव्हा त्या दोन वेगळ्या खोल्यांत उघडाव्यात आणि मधले दार लावून घ्यावे.